एक गुंठा ऊस, दहा माणसे

गेल्या वर्षी मी एका विद्यार्थिनीला दहापैकी दोन गुण दिले. तिचे उत्तर बरोबर होते. चूक माझी होती. आज त्या चुकीचा हिशेब मांडायला बसलो आहे.

मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय कुणालाच नको असतो, म्हणून तो माझ्याकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीच्या सगळ्या शाखांना हा विषय सक्तीचा झाला. त्यात एक प्रकरण आहे, ‘मानवी लोकसंख्या आणि पर्यावरण’. त्याच प्रकरणात ‘लोकसंख्येचा विस्फोट’ हा शब्द येतो. परीक्षेत त्यावर हमखास एक प्रश्न असतो : लोकसंख्यावाढीचा शेती व पाणी यांवर होणारा परिणाम स्पष्ट करा. गुण दहा.

उत्तर सगळ्यांना पाठ असते. लोकसंख्या वाढली, जमिनीचे तुकडे झाले, अन्नाची मागणी वाढली, पाण्याचा उपसा वाढला, टंचाई आली. उपाय : कुटुंबनियोजन आणि जनजागृती. पाच मुद्दे, एक आकृती, आठ गुण.

त्या मुलीने मात्र वेगळेच लिहिले होते. तिच्या गावात तलाव आहे, तलावाखाली ऊस आहे आणि बौद्ध वस्तीतल्या बोअरला फेब्रुवारीतच पाणी नसते. वस्तीतली निम्मी घरे कामासाठी पुण्याला गेली, म्हणजे माणसे पूर्वीपेक्षा कमी झाली. तरी पाणी पूर्वीपेक्षा कमी पडते. म्हणून लोकसंख्या हे कारण आपल्याला बरोबर वाटत नाही, असे तिने शेवटी लिहिले होते.

मी आदर्श उत्तरपत्रिका शेजारी ठेवून तपासत होतो. पाचपैकी एकही मुद्दा सापडला नाही. अक्षर चांगले होते म्हणून दोन गुण दिले आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली.

मीही बौद्ध वस्तीतलाच. माझे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून. माझे आईबाप ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि आमचे ‘कोयता’ म्हणून नाव लागायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्या धंद्यातली मोजणी आहे. म्हणजे माझी माय त्या हिशेबात अर्धा कोयता होती. सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे फडात, सहा महिने गावात. शाळेत मी आजीजवळ राहून शिकलो. पुढे बी.एस्सी.ला असताना हाच प्रश्न मलाही आला होता. मी पाचही मुद्दे लिहिले, आकृती काढली आणि नऊ गुण मिळवले.

उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा वस्तीवर टँकर आला होता. माय घागर, हंडा, तेलाचे डबे, जे मिळेल ते घेऊन रांगेत उभी होती. आमच्या वस्तीत साठ घरे, तीनशेच्या आसपास माणसे. टँकरचा सरकारी हिशेब माणशी वीस लिटरचा. मी हंडा उचलायला गेलो तर ती म्हणाली,

“माणसंच लई झाली लेकरा. पाणी तरी किती पुरंल?”

“कोण म्हणतं माय?”

“समदेच म्हणत्यात. सरपंच म्हणतो, टँकरवाला म्हणतो. टीव्हीवर बी सांगत्यात.” मग जरा थांबून म्हणाली, “मी तर तिसऱ्या लेकरावर ऑपरेशन करून घेतलं की. तरी न्हाईच पुरलं.”

त्या क्षणी मला ती उत्तरपत्रिका आठवली. माझ्या निरक्षर मायच्या तोंडी आणि माझ्या आदर्श उत्तरपत्रिकेत एकच वाक्य होते. दोघांनाही ते कुणीतरी दिले होते आणि दोघांनीही तपासले नव्हते. माय तपासू शकत नव्हती. मी तपासू शकत होतो. त्यासाठीच तर त्यांनी मला शिकवले होते.

तेव्हा आता तपासून पाहू.

लोकसंख्येच्या भीतीचा पहिला मोठा सिद्धांत मांडला तो इंग्लंडच्या थॉमस माल्थसने, १७९८ साली. लोकसंख्या गुणाकाराने वाढते, अन्न बेरजेने वाढते, म्हणून उपासमार अटळ आहे, असे त्याचे गणित होते. या गणिताचा सोयीचा भाग असा की गरीब उपाशी का, या प्रश्नाचे उत्तर गरिबांच्याच घरात सापडते. जमीनदाराच्या कोठाराकडे बघायची गरज उरत नाही. १९६८ साली अमेरिकेच्या पॉल एर्लिच या जीवशास्त्रज्ञाने लोकसंख्येला बॉम्ब म्हणणारे पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका टॅक्सीतून दिसणाऱ्या गर्दीने होते. येत्या दहा वर्षांत कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, असे भाकीत त्याने केले होते.

प्रत्यक्षात काय झाले? १९५१ साली भारताची लोकसंख्या ३६ कोटी होती, २०११ साली १२१ कोटी. म्हणजे साठ वर्षांत सव्वातीन पटींहून थोडी जास्त. याच काळात अन्नधान्याचे उत्पादन ५ कोटी १० लाख टनांवरून २४ कोटी ४० लाख टनांवर गेले, म्हणजे जवळजवळ पाच पट. धान्य माणसांपेक्षा वेगाने वाढले. तरीही कुपोषण संपले नाही. ते कुठे राहिले, कुणाच्या घरात राहिले, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणि लोकसंख्येचा वेगही आता तो राहिलेला नाही. एका स्त्रीला सरासरी २.१ मुले झाली तर लोकसंख्या कालांतराने स्थिर होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा आकडा २.० आहे आणि महाराष्ट्राचा १.७. म्हणजे ज्या महाराष्ट्रात उन्हाळा आला की टँकर धावतात, त्या महाराष्ट्रात विस्फोट कधीच थांबला आहे. पुस्तकात तो अजून चालू आहे.

आता पाणी. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून जास्त खारे आहे. उरलेल्या गोड्या पाण्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग बर्फात अडकलेला आहे. जे उरते त्यातले बहुतेक भूगर्भात, आणि नद्या-तलावांत अगदीच थोडे. हे बरोबर आहे. भारतात जगातली सुमारे १८ टक्के माणसे आणि सुमारे ४ टक्के गोडे पाणी आहे, हेही बरोबर आहे. यानंतर पुस्तक एक भागाकार करते. देशात वर्षाला उपलब्ध पाणी भागिले लोकसंख्या. १९५१ साली उत्तर माणशी ५,१७७ घनमीटर आले होते, २०११ साली १,५४५ घनमीटर आले. १,७०० च्या खाली गेले की त्याला पाण्याचा ताण म्हणायचे, असा एक आंतरराष्ट्रीय निकष आहे. झाले सिद्ध, लोकसंख्या वाढली म्हणून पाणी कमी पडले!

मीही वर्गात इथेच थांबत असे. पण हा भागाकार एक पाऊल पुढे न्या. १,५४५ घनमीटर म्हणजे १५ लाख ४५ हजार लिटर. त्याला ३६५ दिवसांनी भागा. उत्तर येते माणशी रोज सुमारे ४,२०० लिटर.

चार हजार दोनशे लिटर, रोज, दर माणशी! माझ्या मायला टँकरमधून वीस लिटर मिळतात. जल जीवन मिशनचे उद्दिष्टसुद्धा माणशी ५५ लिटरचे आहे. म्हणजे पुस्तक ज्या आकड्याला टंचाई म्हणते, त्यातला सव्वा टक्का मिळाला तरी माझ्या वस्तीचे पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणे सगळे भागते. तो सव्वा टक्काही मिळत नाही, याला लोकसंख्या जबाबदार कशी?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणूस फक्त पाणी पीत नाही, तो जेवतोही. एका माणसाचे रोजचे अन्न पिकवायला दोन-तीन हजार लिटर पाणी लागते. मग ४,२०० लिटर जास्त कुठे झाले? याचे उत्तर असे की अन्न पिकवणारे सगळे पाणी धरणातून आणि बोअरमधून येत नाही. पाऊस पडतो, जमिनीत मुरतो आणि मातीतला ओलावा पीक थेट पिते. शास्त्रज्ञ या पाण्याला ‘हिरवे पाणी’ म्हणतात. नद्या, तलाव आणि भूजल हे ‘निळे पाणी’. १,५४५ चा आकडा फक्त निळ्या पाण्याचा आहे. आमच्याकडची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते. बाजरी, तूर, मटकी पावसावर येतात. गरिबाचे अन्न बहुतेक हिरव्या पाण्यावर पिकते. मग निळे पाणी जाते कुठे?

भारतात वापरल्या जाणाऱ्या निळ्या पाण्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त शेतीत जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच आपल्या अहवालात नोंदवले आहे की राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जागेवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो घेतो. चार टक्के जमीन, सत्तर टक्के पाणी. हा आकडा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे.

मी मायला टक्केवारीत समजावू शकलो नाही. म्हणून तिच्याजवळ बसून गुंठ्याचा हिशेब केला, कारण गुंठा तिला माहीत आहे, तिने आयुष्यभर तो कोयत्याने मोजला आहे. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत दीड ते अडीच मीटर उंचीचे पाणी लागते. मधला आकडा धरू, दोन मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. त्यावर दोन मीटर पाणी म्हणजे दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. एका माणसाला रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला वीस हजार लिटर लागतात. दोन लाखाला वीस हजाराने भागा.

एक गुंठा ऊस म्हणजे दहा माणसांचे वर्षाचे पाणी.

उसाच्या पाण्यातला काही भाग पावसातून मिळतो, तो वजा करा. दहाऐवजी सात माणसे म्हणा. मुद्दा बदलत नाही. आमच्या वस्तीच्या तीनशे माणसांना वर्षभर जेवढे पाणी लागते, तेवढे तीस-चाळीस गुंठे ऊस पितो. एक एकर! आमच्या गावच्या तलावाखाली उसाचे फड नजर पोचेल तिथपर्यंत आहेत.

माय बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजी आमी जे तोडत होतो ते आमचंच पाणी व्हतं व्हय?”

मी कितीही व्याख्याने दिली असती तरी हे वाक्य मला सुचले नसते. गावात पाणी नाही म्हणून शेतमजुरी नाही, मजुरी नाही म्हणून ऊसतोडीला जायचे, आणि तोडायचे तेच पीक ज्याच्याकडे पाणी वळलेले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. त्या वर्षीही मराठवाड्यात ऊस उभा होता.

इथे कुणी असे समजू नये की दोन एकर ऊस लावणारा शेतकरी माझा शत्रू आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखाना उचल करतो. ज्वारीला हमीभाव कागदावर आहे आणि खरेदी केंद्र शोधावे लागते. अशा स्थितीत ज्याच्याकडे पाणी आहे तो ऊसच लावणार. दोष पाणी कुणाच्या हाती द्यायचे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. ती व्यवस्था समजून घ्यायची तर जमिनीखाली उतरावे लागेल.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या दगडात वाळूसारखे पाणी मुरत नाही. वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच. पूर्वी आड आणि विहिरी या मुरमातले पाणी घ्यायच्या, आणि पावसाळ्यात ते भरून यायचे. बोअर थेट खोल भेगांना हात घालतो. एका बोअरने जोरात उपसा केला की त्याच्याभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खाली जाते आणि शेजारच्या उथळ बोअरखालून पाणी निघून जाते. हे कुणी चोरी म्हणून करत नाही. पण परिणाम तोच होतो.

आमच्या वस्तीचा हापसा दोनशे फुटांवर होता. रस्त्यापलीकडच्या बागायतदाराने आधी पाचशे फूट बोअर घेतला, मग सातशे. अंतर दीडशे मीटरही नसेल. दुसऱ्या उन्हाळ्यात हापशातून नुसती हवा यायला लागली. आम्ही अर्ज घेऊन कार्यालयात गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “त्याच्या रानात त्यानं घेतला, त्याला कोण काय म्हणणार?”

हे उत्तर त्या कारकुनाने स्वतःच्या मनाने दिलेले नव्हते. त्यामागे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आहे. ज्याची जमीन, त्या जमिनीखालचे पाणी उपसायचा हक्क त्याचा, हे तत्त्व इंग्रजांच्या काळात कायद्यात आले आणि आजही व्यवहारात तेच चालते. आता ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला किती भूजल येते? शून्य. जमिनीचा सातबारा हाच पाण्याचाही सातबारा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्या वहिवाटीखालची जमीन ९ टक्क्यांहून कमी आहे. ज्या जातींना शतकानुशतके जमीन धरू दिली नाही, त्यांना आता कायद्याच्या मार्गाने पाणीही मिळत नाही. विहिरीवर ‘शिवू नका’ असे म्हणायची गरजच उरली नाही. विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचे, एवढे म्हटले की पुरते.

म्हणून मला महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. मित्रांनो, त्या दिवशी चवदार तळे कोरडे नव्हते. कोकणात महाडसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळे नगरपालिकेचे होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ सालीच केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. त्या तळ्यावर इतर धर्मांची माणसे पाणी भरत, जनावरे पाणी पीत. पाणी भरपूर, कायदा बाजूने, आणि आपली माणसे तहानलेली. पुढे न्यायालयातली लढाई १९३७ सालापर्यंत चालली. टंचाई ही निसर्गातून येते तशी समाजातूनही येते, याचा याहून मोठा पुरावा पर्यावरणाच्या कुठल्या पुस्तकात आहे? तरीही आमच्या अभ्यासक्रमात चिपको आहे, नर्मदा आहे, महाड नाही.

आता एक अवघड प्रश्न. काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी तर स्वतः कुटुंबनियोजनाचा पुरस्कार केला होता, मग तू लोकसंख्येचा मुद्दा कसा नाकारतोस? खरे आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा अशासकीय ठराव आला. तो बाबासाहेबांचा होता, सभागृहात पी. जे. रोहम यांनी मांडला, आणि तो फेटाळला गेला. त्या काळी हा विषय उच्चारायलाही माणसे लाजत होती. पण तो ठराव काय मागत होता ते पाहा. सरकारने लोकांत प्रचार करावा आणि संततिनियमनाच्या सोयी पुरवाव्यात. बाईच्या आरोग्याचा आणि गरिबाच्या सुटकेचा तो मार्ग होता. सक्ती नव्हती आणि गरिबांवर ठपकाही नव्हता.

त्याच्याही वीस वर्षे आधी, १९१८ साली, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीवर माणसांचा भार आहे हे त्यांनी मान्य केले. पण शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि श्रम किती यावरून ठरते, आणि शेतीत अडकलेल्या रिकाम्या हातांना उद्योगात काम देणे हा खरा उपाय आहे, असे त्यांनी मांडले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांनी केली. पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने माणसांचे हाल अधिक होतात, म्हणून पाणी साठवा आणि अनेक कामांसाठी वापरा, ही त्यांची भूमिका होती. प्रश्नाची मांडणी माणसे कमी करण्यापासून नव्हे, साधने वाढवण्यापासून आणि वाटण्यापासून त्यांनी केली.

याउलट ‘विस्फोट’ या शब्दाने काय केले? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आणि बीडच्या ऊसतोड बायांचे काय झाले? २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. फडात पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, पाणी नाही, आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे, आणि शेवटी डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. माझ्या मावशीची पिशवी तिशीतच गेली. माणसांचा आकडा कमी करायचा म्हटले की तो कुणाच्या शरीरातून कमी होतो, हे आम्हाला घरातच दिसते.

मग मी माणसे मोजायला विरोध करतो का? नाही. उलट मी म्हणतो, माणसे मोजा, पण पाणी वाटण्यासाठी मोजा. हे स्वप्नरंजन नाही. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवर नाही, माणसांवर. घरातल्या दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. दक्षिण महाराष्ट्रात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपाची चळवळ चालवली, तिचेही मागणे हेच होते.

आता फरक बघा. आमच्या पुस्तकात घरात एक माणूस जास्त असला की तो पाण्यावरचा भार असतो. पाणी पंचायतीत घरात एक माणूस जास्त असला की त्या घराचा पाण्याचा वाटा वाढतो. आकडा तोच. एका ठिकाणी तो आरोप आहे, दुसऱ्या ठिकाणी तो हक्क आहे. एक माणूस, एक मूल्य ही बाबासाहेबांची गोष्ट मतपेटीपाशी थांबली. ती पाण्यापर्यंत न्यायची आहे.

त्यासाठी आपण काय करू शकतो? महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे, अमलात आला २०१४ साली. त्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर शेतीसाठी घ्यायला बंदी आहे. त्याआधी १९९३ च्या कायद्यातही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई होती. आमचा हापसा आटला तेव्हा मला यातले काहीच माहीत नव्हते. माहीत असते तर त्या कारकुनाच्या उत्तरावर मी मान खाली घालून परत आलो नसतो. प्रत्येक गावातल्या चार पोरांनी वहीपेन घेऊन आपल्या वस्तीच्या स्रोताभोवतीचे बोअर मोजावेत, त्यांची खोली लिहावी, तलावाखालचे पीक लिहावे, टँकरच्या खेपा लिहाव्यात आणि तो कागद ग्रामसभेत वाचावा. जयंतीच्या मिरवणुकीला जेवढे दिवस लागतात त्यापेक्षा कमी दिवसांचे हे काम आहे.

विज्ञान आपल्या विरोधात नाही. बेसाल्ट जात बघून पाणी देत नाही. पण विज्ञानाचे पुस्तक जो लिहितो तो कुठे उभा राहून लिहितो, हे बघावे लागते. भागाकार कुठे थांबवायचा, हा निर्णय विज्ञानाचा नसतो.

शेवटी त्या मुलीबद्दल. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला बोलावून सांगितले की तुझे उत्तर बरोबर होते, मी चुकीचे गुण दिले. तिने विचारले, “सर, मग आता गुण वाढतील का?”

मी म्हणालो, “नाही. निकाल लागून गेला.”

“मग उपयोग काय सर?”

तिचा प्रश्न खरा आहे. लेखी परीक्षेचा प्रश्न बदलणे माझ्या हातात नाही, मी तासिकेवरचा माणूस. पण प्रकल्पाचे गुण माझ्या हातात आहेत. या वर्षी मी वर्गाला एकच प्रकल्प दिला आहे : आपल्या गावातले पाणी कुठून येते, कुणाच्या रानात जाते आणि आपल्या घरी किती पोचते, हे मोजून लिहा. पहिल्या तासाला मी फळ्यावर गुंठ्याचा हिशेब मांडला. मागच्या बाकावर ऊसतोडीच्या घरातली तीन-चार पोरे नेहमी झोपलेली असतात. त्या दिवशी ती वहीत भागाकार करत होती.

जयभीम.